फाटकातला चढ

गाडीनं तिसऱ्यांदा उडी मारली, गचका खाल्ला आणि फाटकाच्या तोंडाशी बंद पडली. मग चढावरून हळूहळू मागं सरकायला लागली. मी वाटच बघत होतो. मागच्या चाकाखाली पायानं लाकडी ठोकळा ढकलला आणि खिडकीशी वाकून अगदी अदबीनं विचारलं, "साहेब, जरा ब्रेकवर पाय ठेवता का?"

आत बसलेले साहेब म्हणजे सांगलीचा बिल्डर युवराज थोरवे. गळ्यात बैलाच्या दाव्याएवढी जाड चेन आणि मागच्या सीटवर 'हो दादा, बरोबर दादा' म्हणायला दोन माणसं. येताना तिघं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलत होते. आता तिघांची बोलती बंद झाली होती.

"क्लच गंडलाय हिचा," थोरवे म्हणाला.

"बावीस वर्षं मी चालवतोय. मला तर कधी गंडलेला दिसला न्हाई."

"मग काय माझा पाय गंडलाय?"

"मी कुठं तसं म्हणालो, साहेब?"

मी तसंच म्हणालो होतो आणि ते त्याला बरोबर कळलं होतं. तो उतरला. दार असं आपटलं की माझ्याच छातीवर बसल्यासारखं वाटलं. "लग्नाच्या वरातीला भाड्यानं द्यायला बरी हुती," तो जोडीदारांना म्हणाला, "पर असलं अडेलतट्टू घिऊन काय करायचं? नवरी चढावर आनी नवरदेव धक्का मारतोय." जोडीदार हसले. मग तिघं आपल्या भल्यामोठ्या पांढऱ्या गाडीत बसून धुरळा उडवत गेले.

व्हरांड्यात बाई उभ्या होत्या. मी हात झाडत त्यांच्याकडं गेलो आणि म्हणालो, "बघितलंत न्हवं, बाई? नाचता येईना अंगण वाकडं."

बाईंनी मान खाली घातली. मला वाटलं, हसू लपवतायत.

ही दोन हजार आठ सालच्या फेब्रुवारीतली, मिरजेतली गोष्ट. बाई म्हणजे कुसुमबाई उपाध्ये. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, त्यामुळं अर्धी मिरज त्यांना बाईच म्हणायची. त्यांचे यजमान विद्याधर उपाध्ये हाडांचे डॉक्टर. आदल्या दिवाळीच्या आधी ते गेले. आणि मी नेमगोंडा कोथळे, गाव बेडग, डॉक्टरांचा ड्रायव्हर. आता सत्तरी ओलांडली, तरी गावात अजून कुणी मला शेतकरी म्हणत नाही. 'मर्सिडीजवाला नेमू' म्हणतात.

गाडी एक्क्याऐंशी सालची. गडद हिरवी, डिझेलची, चार गिअरची, आणि गिअर हातानं टाकायचे. मुंबईत कुठल्याशा वकिलातीच्या लिलावात डॉक्टरांनी ती घेतली, तेव्हा मिरजेत अँबॅसिडर दारात असणं म्हणजे श्रीमंतीची परमावधी होती. डॉक्टरांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. ते मागं बसून पेपर वाचायचे. म्हणजे गाडी कागदावर डॉक्टरांची आणि बाकी सगळी माझी. दारांच्या रबराला मी दवाखान्यातलं ग्लिसरीन लावायचो. टायर उन्हात तापू नयेत म्हणून त्यांच्यावर ओलं गोणपाट टाकायचो. बावीस वर्षांत चार वेळा क्लच प्लेट बदलली, चारही वेळा मुंबईहून अस्सल माल मागवून. गाडी लाखभर किलोमीटरसुद्धा पळालेली नव्हती. आतलं लाकूड असं ठेवलं होतं की बघणाऱ्याला त्यात स्वतःचं तोंड दिसावं.

डॉक्टर गेल्यावर बाई म्हणाल्या, गाडी विकायची. गॅरेज मोठं आहे, त्यात त्यांना मुलींची गणिताची शिकवणी सुरू करायची होती, आणि तीसुद्धा जूनच्या आत. मर्सिडीजच्या जागी पाढे म्हणणाऱ्या पोरी! मी दोन दिवस नीट जेवलो नाही. बाईंना मी बोलून दाखवलं नाही, पण विचार एकच होता. गाडी गेली की मी कोण? पंचावन्न वर्षांचा, डाव्या गुडघ्यात पट्टी आणि चार स्क्रू असलेला माणूस. ट्रकवर असताना अपघातात तो गुडघा फुटला होता, डॉक्टरांनीच जोडला आणि 'आता ट्रक नको, माझ्याकडे ये' म्हणून त्यांनीच मला ठेवून घेतलं. त्या गाडीवाचून मला दुसरी नोकरी कुणी दिली नसती. ती आहे तोवर मी होतो.

माझ्या मदतीला दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे डॉक्टरांचा शब्द. जायच्या आधी ते बाईंना सांगून गेले होते, की गाडी विकलीत तर टोचन लावून नेऊ द्यायची नाही आणि ट्रकवरही चढवू द्यायची नाही. ज्याला हवी त्यानं स्वतः चालवत फाटकाबाहेर काढायची. आणि दुसरी गोष्ट, ते फाटक. आमच्या नगरपालिकेनं जुनं डांबर न काढता दर निवडणुकीला त्यावर नवं डांबर ओतलं. तीस वर्षांत रस्ता कमरेएवढा वर आला आणि आमचं अंगण खाली राहिलं. त्यामुळं फाटकात असा चढ झाला की निम्म्यावर थांबायचं, दोन्ही बाजूंची रहदारी बघायची, आणि तिथून अर्ध्या क्लचवर गाडी उचलायची. त्याच ठिकाणी सगळे गळपटत.

थोरवेनंतर आला पुण्याचा एक हर्षवर्धन नावाचा माणूस. जुन्या गाड्या जमवायचा. हातात पांढरे मोजे घालून त्यानं गाडीला असा हात लावला की जणू ती बाळंतीण आहे. बॉनेट उघडून पंचवीस फोटो काढले. इंग्रजीत बाईंना काहीबाही सांगितलं. मग म्हणाला, "मी ट्रक मागवतो. मी अशा गाड्या रस्त्यावर चालवत नाही. जपतो."

"लोणच्यासारख्या का?" मी विचारलं.

बाईंनी माझ्याकडं रागानं बघितलं आणि त्याला डॉक्टरांची अट सांगितली. नाइलाजानं तो बसला. एवढं मात्र खरं, की किल्ली फिरवल्यावर, डिझेल इंजिन आतून तापून डॅशबोर्डवरचा नारंगी दिवा विझेपर्यंत तो थांबला. थोरवेला तेवढाही धीर निघाला नव्हता. पण चढावर त्याचंही तेच झालं. इंजिन घोंगावलं, गाडी जागची हलेना, आणि मग एकदम उडी मारून ठप्प. दोनदा केलं, मोजे काढले, तिसऱ्यांदा केलं.

"क्लच फार वर पकडतोय," तो घाम पुसत म्हणाला.

"पुन्यात सगळ्या गाड्या आपोआप गिअर टाकनाऱ्या," मी म्हणालो. "पाय नाजूक होतात, साहेब. तुमचा काय दोष न्हाई."

तोही गेला. मग कोल्हापूरचा एक दातांचा डॉक्टर आला, तो तर क्लच शोधत होता. अशा माणसांचं मी रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर वर्णन करायचो आणि लोक पोट धरून हसायचे. गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणून मी पान तोंडात टाकायचो. महिनाभरात सातजण आले आणि सातही जण फाटकातूनच परत गेले. इतका सुखाचा महिना मी डॉक्टर गेल्यावर बघितला नव्हता.

सातवा गेला त्या दिवशी बाई पायरीवर बसून राहिल्या. "आता कुणाला बोलवायचं?" त्या म्हणाल्या.

"लायकीचा मानूस येईल की, बाई. घाई कशाला? आजकाल कुनाला गाडी चालवायला येते?"

"मलाही कुठं जमली होती?" त्या म्हणाल्या.

ती गोष्ट त्यांच्या लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं.

ती गोष्ट नव्वद सालची. बाईंनी कुणाला न सांगता सांगलीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये महिनाभर शिकून लायसन काढलं. एका रविवारी सकाळी बाहेर आल्या, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "नेमगोंडा, किल्ली दे. उद्यापासून शाळेत मीच गाडी घेऊन जाईन. तू यांना दवाखान्यात सोड, मग गाडी मला दे." मी किल्ली दिली. शेजारचे लोक कुंपणाशी गोळा झाले. डॉक्टर वरच्या गच्चीवर चहाचा कप घेऊन उभे राहिले. आणि फाटकातल्या चढावर, तेव्हा तो आजच्याइतका उंच नव्हता तरी, बाईंनी गाडी तीन वेळा बंद पाडली. तिसऱ्या वेळी गाडी मागं येऊन तुळशीच्या कट्ट्याला घासली. डॉक्टर गच्चीवरून हसत म्हणाले, "कुसुम, नाचता येईना अंगण वाकडं!" शेजारी हसले. मीही हसलो. बाई उतरल्या, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि आत गेल्या.

त्यानंतर त्या गाडीत पुढं कधी बसल्या नाहीत. दारात मर्सिडीज असताना निवृत्त होईपर्यंत शाळेत रिक्षानं जायच्या. लायसन मात्र मुदत संपायच्या आत न चुकता नवं करून आणायच्या. आरटीओ कार्यालयातल्या रांगेत उभ्या राहायच्या, फोटो काढून घ्यायच्या आणि लायसन पर्समध्ये ठेवून द्यायच्या. दर वेळी मला हसू यायचं. पोहता येत नाही आणि टॉवेल तेवढा घेऊन फिरायचं, असं मी घरी बायकोला सांगायचो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात शिवलिंग कोरे आला. तो एसटीनं आला. पायात रबरी चपला, खांद्याला कापडी पिशवी, डोक्याला गांधी टोपी. मला वाटलं, वर्गणी मागायला आलाय.

"गाडी बगायला आलोय," तो म्हणाला. "जयसिंगपूर. म्हाताऱ्या गाड्या दुरुस्त करतो. आदी एसटीच्या वर्कशॉपला हुतो, तीस वरीस."

मी त्याच्या चपलांकडं बघितलं. "मर्सिडीज हाय ही, पाव्हणं. लालपरी न्हवं."

"चाकं चारच असतील की," तो म्हणाला आणि बाईंना नमस्कार करून गाडीभोवती फिरायला लागला. बॉनेट उघडलं नाही. फोटो काढले नाहीत. वाकून चारी टायर बघितले, दारांच्या रबराला बोट लावून बोटाचा वास घेतला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "ग्लिसरीन. लई जपलंय तुमी." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. सात जणांत एकालाही ते कळलं नव्हतं.

बाईंनी त्याला अट सांगितली. मग स्वतःहून म्हणाल्या, "आधीच सांगते, ही गाडी नेमगोंडाशिवाय कुणाचं ऐकत नाही. मी एकदा प्रयत्न केला होता. तीनदा बंद पाडली. तेव्हा जमलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका."

कोरे आत बसला. किल्ली फिरवली, नारंगी दिवा विझू दिला, मग गाडी सुरू केली. मी ठोकळा पायाशी घेऊन तयार उभा राहिलो. पण त्यानं गाडी चढावर घातलीच नाही. अंगणातच चार हात पुढं घेतली, थांबवली, पुन्हा दोन हात घेतली आणि बंद केली.

"दादा," त्यानं मला हाक मारली, "पलेट कदी बदललीया?"

"चार वेळा बदलली," मी छाती फुगवून म्हणालो. "अस्सल माल, मुंबईचा."

"गाडी पळलीया किती?"

"लाखाच्या आत."

"लाखाच्या आत चार पलेटा?" त्यानं पुन्हा विचारलं. मग खिडकीतून खाली, माझ्या पायाकडं बघितलं. मी नेहमीसारखाच उभा होतो, उजव्या पायावर भार टाकून. "डावा गुडगा, न्हवं? सरळ हुईत न्हाई?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या क्षणी कळलं.

कोरे उतरला, पिशवीतून पाना आणि बॅटरी काढली आणि टोपी काढून पेडलपाशी उताणा शिरला. मी पुढं झालो. "तितं हात लावू नका. ती कंपनीची सेटिंग हाय."

त्यानं आतूनच विचारलं, "कंपनीनं तुमचा गुडगा बगून गाडी केलीया व्हय?"

बाई पायरीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या. "काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"काय झाल्यालं न्हाई, बाई," कोरे म्हणाला. "पेडलामागं येक दांडी असती. तिच्यावरचा नट फिरवून ठेवलाय. पेडल नुसतं टेकवलं की क्लच सुटतो आनी सोडताना अगदी शेवटाला, बोटभर अंतरात, एकदम पकडतो. ज्याचा पाय पुरता दाबत न्हाई त्याला ह्ये बरं. बाकी कुनीबी बसला तर गाडी उडी मारनारच. आनी पलेट कायम घासून जानार. म्हनून चार पलेटा."

दहा मिनिटांत तो बाहेर आला. टोपी झटकून डोक्यावर ठेवली. गाडी सुरू करून चढावर नेली, मुद्दाम निम्म्यावर थांबवली, दहा अंक मोजेपर्यंत थांबला आणि वर काढली. मागं आली नाही. उलटी खाली आणून अंगणात उभी केली आणि किल्ली बाईंच्या समोर धरली.

"बसून बगा, बाई."

"नको, नको. मला नाही जमत. मी सांगितलं ना तुम्हाला, तीनदा…" बाई हसायला गेल्या. "नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत माझी."

"न्हाई, बाई," कोरे शांतपणे म्हणाला. "अंगनच वाकडं हुतं."

बाईंनी त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी फाटकाकडं बघत होतो. त्या आत गेल्या आणि पर्स घेऊन आल्या. पर्समधून लायसन काढून तारीख बघितली, परत ठेवलं आणि गाडीत बसल्या. सीट पुढं सरकवायला त्यांना जोर लावावा लागला. सीटच्या रुळांना मी दर महिन्याला ग्रीस लावायचो, पण बावीस वर्षांत सीट कधी सरकवली नव्हती. मग त्यांनी आरसा आपल्या उंचीला लावला. किल्ली फिरवून नारंगी दिवा विझेपर्यंत थांबल्या. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, व्हरांड्यातून बघून ठाऊक झालं असणार.

गाडी चढाच्या निम्म्यावर थांबली. बाईंनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. इंजिनाचा आवाज किंचित जड झाला. आणि गाडी गुमान वर चढून रस्त्याला लागली आणि वळणावरून दिसेनाशी झाली. मी ठोकळा हातात घेऊन उभा होतो.

कोरे पायरीवर बसला आणि तंबाखू मळायला लागला. "बाईंला कदी सांगितलं न्हाई व्हय?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

मी उत्तर दिलं नाही. आता देतो. तो नट मी गाडी आली त्याच वर्षी फिरवला होता, गुडघ्यासाठी. तेव्हा त्यात काही पाप नव्हतं. डॉक्टर चालवत नव्हते, बाईंनाही चालवता येत नव्हती, मग बिघडलं कुठं? पण त्या रविवारी बाईंनी गाडी पहिल्यांदा बंद पाडली तेव्हाच मला कळलं की का बंद पडली. दुसऱ्यांदा पाडली तेव्हा माझ्या ओठांवर आलं होतं, की थांबा बाई, दहा मिनिटं द्या, नट फिरवून देतो. मग मनात आलं, की बाईंना जमलं तर डॉक्टरांनाही त्याच सोडतील. आणि घरात दोन माणसं असताना गुडघा मोडलेला ड्रायव्हर कोण ठेवील? म्हणून मी गप्प बसलो. डॉक्टर हसले, ते त्यांना ठाऊक नव्हतं म्हणून. शेजारी हसले, तेही ठाऊक नव्हतं म्हणून. सगळं ठाऊक असून हसलेला त्या अंगणात मी एकटाच होतो. थोरवे हावरा होता, पुण्याचा तो माणूस दिखाऊ होता, पण दोघांनीही क्लच बिघडलाय हे खरंच सांगितलं होतं. त्या सातांपैकी एकही माझ्याइतका हलका नव्हता.

बाई पाऊण तासानं आल्या. फाटकातून उतरताना गाडी अलगद आली. त्या उतरल्या. घामानं कपाळ ओलं होतं आणि पदर अजून खोचलेला होता.

"लांब गेला हुता?" कोरेनं विचारलं.

"शाळेपर्यंत," बाई म्हणाल्या. "फाटकापर्यंत नेली, थोडा वेळ थांबले आणि आले."

मग माझ्याकडं वळल्या. मुलीनं गणित दुसरीचं बघून उतरवलंय हे कळल्यावर जशा विचारत असतील, तसं विचारलं. "नेमगोंडा, तेव्हाही क्लच असाच होता?"

"व्हय, बाई."

"तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"त्याच रविवारपासनं. पैल्यांदा बंद पडली तवापासनं."

त्यांनी मान हलवली. मी वाट बघत राहिलो. त्या ओरडल्या असत्या, निघ म्हणाल्या असत्या, तर मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं असतं. माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं. पण त्यांनी ती संधी मला दिली नाही. त्या कोरेकडं वळल्या आणि म्हणाल्या, "गाडी तुमची. फक्त डॉक्टरांची अट मी मोडणार आहे. फाटकातून ती तुम्ही काढायची नाही. जयसिंगपूरला मीच घेऊन येते."

"बरं हुईल," कोरे म्हणाला. "मी शेजारी बसतो."

मी सवयीनं पुढं होऊन ड्रायव्हरचं दार उघडलं. बाईंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, "तू मागं बस."

बावीस वर्षांत मी त्या गाडीत मागं बसलो नव्हतो. डॉक्टर बसायचे त्याच जागी बसलो. तिथून पुढचं सगळं वेगळंच दिसत होतं. बाईंच्या पिकलेल्या केसांचा अंबाडा, कोरेची टोपी, आणि आरसा. आरसा आता बाईंच्या उंचीला होता. त्यात मी दिसत नव्हतो. हे बरं, असं मला वाटलं.

अंकलीच्या पुलाआधी उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली होती. हंगामाचे शेवटचे दिवस, प्रत्येक ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या ओढत पुलाच्या चढावर धापा टाकत होता. आमच्या पुढचा थांबला. बाईही थांबल्या, नेमक्या चढावर. मागं एक एसटी येऊन टेकली आणि हॉर्न वाजवायला लागली. कोरे सरळ पुढं बघत राहिला.

माझा डावा पाय आपोआप पुढं गेला आणि पायपुसणीवर दाबला गेला. गुडघ्यात कळ आली. ट्रॅक्टर हलला. बाईंनी गिअर टाकला, इंजिन किंचित जड झालं, आणि गाडी वर निघाली.

बोटभरसुद्धा मागं आली नाही.